सुभेदाराचं शेपूट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भोरला ज्यांच्या घरात मी चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या नानांचा सगळ्यांत लाडका उंदीर माझ्या हलगर्जीपणानं मेला आणि त्याच्या जागी मी गुपचूप दुसरा आणून ठेवला.

वाचणाऱ्याला हसू येईल. मलाही येतं, आणि येतं म्हणूनच इतकी वर्षं सांगायचं टळत गेलं. उंदराची कबुली द्यायला माणसानं गंभीर चेहरा आणायचा तरी कुठून? पण त्या उंदरावर एका मुलीचं लग्न ठरलं. ते कसं, हे सांगायचं तर आधी नाना सांगायला हवेत.

नाना भोरच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात गेलेला, त्यामुळे घरातही ते बोलत नसत, पुकारत. जेवणाचं ताट वाढलेलं दिसलं की खणखणीत आवाजात, "फलाट क्रमांक एकवर भाकरी लागलेली आहे." नानी आतून म्हणायच्या, "लागली हाय तर बसा, न्हाईतर सुटंल." हा संवाद रोज व्हायचा आणि दोघांपैकी कुणीही हसत नसे.

खिडकीतून त्यांनी तालुक्यातली माणसं पाहिली होती. कोण कुठून चढतं, कुठं उतरतं, कुणाची सासुरवाशीण रडत येते आणि कुणाची हसत येते, हे सगळं त्यांच्या डोक्यात बसलेलं. निवृत्तीनंतर त्याचाच त्यांनी धंदा केला. पैशाचा नव्हे, हौसेचा. सोयरिकी जमवायच्या. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाडं सांगितलंच नाही. आधी गाव विचारलं, मग कूळ, मग देवक, मग मामाचं गाव. मी म्हणालो, "नाना, मला फक्त खोली पाहिजे."

"खोली दीन की. पण कुणाला देतोय ते कळाया नगं?"

देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात पुजतात ते कुळाचं चिन्ह, बहुतेक करून एखाद्या झाडाचा पाला. एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. माझं देवक ऐकून त्यांनी मान हलवली, "चालंल" म्हणाले, आणि किल्ली दिली. माझं तेव्हा लग्न झालेलं होतं, दोन मुलांचा बाप होतो, बायकोमुलं गावाकडे होती, तरी मी कुठंतरी पसंत पडलो याचं मला बरं वाटलं.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टर नव्हे. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करत वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर मोटरसायकलनं हिंडणारा माणूस. नानांनी पहिल्याच दिवशी मला डॉक्टर केलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करण्याची सवय मला तशी जुनीच.

उंदरांचं असं झालं. नानांचा एक पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याला कंपनीनं जर्मनीला पाठवलं. जाताना तो काकांकडे एक पिंजरा ठेवून गेला. त्यात दोन पाळीव उंदीर, एक नर, एक मादी, दोघं पांढरे, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे. थोडे दिवस सांभाळा म्हणाला. पुतण्या जर्मनीतच राहिला. उंदीर भोरला राहिले, आणि उंदीर जे करतात ते त्यांनी केलं.

दुसऱ्या कुणी ते ओढ्यात सोडून दिले असते. नानांनी पोत्यावर पिल्लं मांडून घेतली आणि त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा, की ही मोठी झाल्यावर ह्यांची लग्नं कुणाशी लावायची? भावाबहिणीचं तर होऊ द्यायचं नाही. घरात अधर्म नको. मग त्यांनी तोडगा काढला. पहिल्या वेतातले तीन नर निवडले आणि त्यांना तीन देवकं वाटून दिली: एकाला उंबर, एकाला कळंब, एकाला आंबा. प्रत्येक पिंजऱ्याला त्या त्या झाडाचं पान सुतळीनं बांधलं. उंबराचे उंबराचेच, त्यांनी आपसांत बघायचं नाही. उंबराच्या घरातली मादी कळंबाकडे दिली की तिचं पान बदललं, ती कळंबाची झाली. पिल्लांना बापाचं पान. पान वाळलं की दर सोमवारी नवं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा घेत होतो. कप खाली ठेवून म्हणालो, "पण नाना, हे तिघं सख्खे भाऊच ना?"

"व्हय."

"मग देवकं वेगळी कशी?"

नानांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "डॉक्टर, सुरवात कुठनं तरी करावीच लागती. ब्रह्मदेवाकडं काय दहा गावची पाव्हणी आली हुती?"

दिवसभर मी शेतकऱ्यांना सांगत हिंडायचो, की गाईला तिच्याच बापाचं रेतन नको, रक्त बदलत राहा. आमच्या भागातले वरच्या वस्त्यांवरचे धनगरसुद्धा कळपातला मेंढा फार वर्षं ठेवत नाहीत; दुसऱ्या वाड्याशी अदलाबदल करतात. हे मी एकदा नानांना सांगितलंही. ते म्हणाले, मेंढराचं निराळं. उंदीर माणसाच्या जवळचा, म्हणून तर औषधं आधी त्याला देऊन बघतात. उंदराला माणसाचाच कायदा लागू. मग मी गप्प बसलो. मला खोली आवडली होती, आणि पाण्याला तिथं कधी तोटा नसायचा.

पाळीव उंदीर विकत घेणारी पोरं पुण्यात आहेत, हे मला भोरला कळलं. शनिवार-रविवारी राजगडाकडे निघालेली मुलं वाट वाकडी करून नानांकडे यायची. त्यांना वाटायचं, पैसे द्यायचे आणि उंदीर घ्यायचा. नाना त्यांना ओटीवर बसवायचे. घर स्वतःचं का भाड्याचं? आई घरात असते का? मांजर आहे का? नोकरी कसली? एका दाढीवाल्यानं "फ्रीलान्स" असं सांगितलं, तेव्हा नानांनी मला बोलावून त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. नाना त्याला म्हणाले, "कायम झाल्यावर या." तो दाढीवाला पुढच्या महिन्यात खरंच नोकरीचं पत्र घेऊन आला आणि कळंबाच्या दोन पोरी घेऊन गेला. नानींनी त्या पोरींसोबत इंद्रायणी तांदळाच्या कण्यांची पुरचुंडी बांधून दिली, आणि पदर डोळ्याला लावला. चेष्टेनं नव्हे.

गल्लीला अर्थातच हे पटलेलं नव्हतं. घरात उंदीर झाला की शेजारीण सापळा तसाच उचलून नानांच्या दारात आणून आदळायची. "घ्या तुमचं ल्येकरू. माझ्या पिठाच्या डब्यात हुतं." नाना चष्मा लावून सापळ्यात डोकवायचे. "हे आमच्यातलं न्हाई. कान बघा की. आन् रंग बघा." शेजारीण म्हणायची, रात्री रंग कुणी बघितला. नाना म्हणायचे, "आमची पोरं रात्री भाईर जात न्हाईत."

तर असं चाललं होतं. पण मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षापासून वेतं बारीक होऊ लागली. आधी पिल्लं भरपूर व्हायची, मग चार-पाच, मग दोन. त्यातलंही एखादं शिंकत जन्माला यायचं. दात वेडेवाकडे वाढायचे. काहींची शेपटं मध्येच वाकलेली. नाना कारणं शोधायचे: पिंजरा दक्षिणेकडे आहे, कण्या जुन्या आहेत, शेजारणीची नजर. मला कारण ठाऊक होतं. पानं कितीही बदला, सगळ्यांच्या अंगात त्याच दोघांचं रक्त फिरत होतं. त्यात नानांचा एक ठाम सिद्धान्त होता: मामाची पोरगी केलेली सगळ्यांत चांगली. माणसात चालते, नानांनी स्वतः केली होती, मग उंदरात का नको? म्हणून शक्य तिथं ते नराला त्याच्या मामाची पोरगीच बघत. वाकड्या शेपटांची संख्या मामांच्या संख्येबरोबर वाढत होती.

आता ऋतुजा. नानांच्या मुलाची मुलगी. आईबाप आंबवड्याला शेती करतात. ही भोरला फार्मसीला होती म्हणून नानांकडे राहायची. हुशार, तोंडाळ आणि शब्दाची पक्की. नानांची मुलगी किकवीला दिलेली. तिचा मुलगा सागर, हायवेला त्याचं मोटारी धुण्याचं सर्व्हिस सेंटर. म्हणजे सागरला ऋतुजा मामाची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हापासून ही सोयरीक नानांच्या मनात होती. सागर गरीब स्वभावाचा, कष्टाळू मुलगा. एकच दोष, उंदराला भयंकर घाबरायचा. आजोळी आला की ओटीवरच बसायचा, तेही पाय वर घेऊन.

ऋतुजाला तो वाईट वाटत नव्हता. ती म्हणायची, "नाना, त्याचं नाक आन् माझं नाक एकच आहे. आरशाशी लग्न लावताय का माझं?" आणि जवळच्या रक्तातल्या लग्नांबद्दल फार्मसीत शिकलेलं सांगायची. नाना ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, तुझी आजी माझ्या मामाची, कुठं काय झालं? एके दिवशी ती चिडली आणि उंदरांच्या खोलीकडे बोट करून म्हणाली, "काय झालं ते तिकडं बघा. दात बघा, शेपटं बघा."

नाना उठून त्या खोलीच्या दारापर्यंत गेले. मग हळूच म्हणाले, "बरं. हुंदीरच सांगू द्यात."

ठरलं ते असं. उंबराचा सुभेदार नावाचा नर होता, नानांचा जीव की प्राण. त्याला त्याच्या सख्ख्या मामाची पोरगी, आंब्याची मैना, द्यायची. पिल्लं होऊ द्यायची, डोळे उघडू द्यायचे, दात येऊ द्यायचे. पिल्लं अधू निघाली तर नानांनी सागरचं नाव पुन्हा काढायचं नाही. धडधाकट निघाली तर ऋतुजानं हो म्हणायचं. ऋतुजाला आपण जिंकणार याची खात्री होती. सुभेदाराचं शेपूटच निम्म्यावर काटकोनात वाकलेलं होतं. पोरं कसली होणार? मलाही तीच खात्री होती, म्हणून नानांनी मला पंच केलं तेव्हा मी आनंदानं हो म्हणालो. वाटलं, चला, पोरगी सुटेल आणि मला कुणाच्या विरुद्ध एक शब्दही बोलावा लागणार नाही.

ऋतुजानं स्वतःहून एक अट घातली. निकाल लागेपर्यंत आपण त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिनं काही केलं. ती आंबवड्याला निघून गेली. त्या घरात प्रामाणिक माणूस तेवढंच एक होतं, आणि ते असं बाहेर पडलं.

सुभेदाराच्या लग्नाआधी नानांना पुण्याला जावं लागलं, मोतीबिंदू काढायला. नानीही सोबत गेल्या. घर आणि उंदीर माझ्यावर. नानांनी स्टँडवर गाडी सुटेपर्यंत सूचना दिल्या. सुभेदाराला सकाळी भिजवलेले हरभरे, संध्याकाळी काकडी.

दुसऱ्या दिवशी मी पिंजरा साफ करायला सुभेदाराला बाहेर काढून बादलीत ठेवलं. तेवढ्यात वेल्ह्याकडच्या एका वस्तीवरून फोन आला, गाय माजावर आलीये, कधी येताय. घरात रेंज मिळायची नाही, म्हणून मी बोलत बोलत ओटीवर आलो. गाईवरून बोलणं चाऱ्यावर गेलं, चाऱ्यावरून रस्त्याच्या कामावर. परत गेलो तेव्हा बादली आडवी होती. शेजारणीचा बोका परसाच्या भिंतीवर बसला होता आणि त्याच्या तोंडातून काटकोनात वाकलेलं एक शेपूट लोंबत होतं. ओळख पटवायचा प्रश्नच उरला नाही.

मी त्या बोक्याच्या मागे तीन घरांच्या परसांतून धावलो. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

मग मी जे केलं ते करताना माझ्या मनात ऋतुजाचा विचारही आला नाही, हे लिहायला हवं. मनात एवढंच होतं की जनावरांच्या खात्यातला माणूस, डॉक्टर म्हणवून घेणारा, आणि एक उंदीर सांभाळता आला नाही. मी रजा टाकली आणि मोटरसायकलनं पुण्याला गेलो. पक्षी-मासे विकणाऱ्या एका गल्लीत काळी टोपी असलेले पांढरे नर मिळाले. दुकानदारानं विचारलं, सापासाठी हवाय का पाळायला? मी म्हणालो, "लग्नासाठी." त्यानं पुढे काही विचारलं नाही. डब्याच्या झाकणाला भोकं पाडून, डबा जर्किनमध्ये पोटाशी घेऊन मी निघालो. कात्रजच्या बोगद्यात तो माझ्या अंगावर मुतला. घरी आल्यावर पिंजऱ्यात सोडला, उंबराचं नवं पान बांधलं आणि लांब उभा राहून बघितलं. हुबेहूब. फक्त शेपूट एखाद्या पट्टीसारखं सरळ.

नाना परत आले ते डोळ्यांवर हिरवा गॉगल लावून. आल्या आल्या घरभर फिरले. त्यांना सगळंच नवं दिसत होतं. भिंतीचा रंग असा होता होय, म्हणाले. नानींकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ही येवढी म्हातारी कवा झाली?" नानी म्हणाल्या, "तुमी गाड्या पुकारत हुता तवा." मग ते सुभेदारापाशी गेले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

"गोरा दिसतोय की."

"डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना नाना. आता सगळं उजळच दिसणार."

हे खरंच होतं. मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. मग नाना वाकले, गॉगल वर केला. "डॉक्टर, ह्याचं शेपूट सरळ कसं झालं?"

सगळं सांगायची खरी वेळ तीच होती. नानी पाणी घेऊन आल्या होत्या, बाहेर टेम्पोवाला भंगार मागत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "तेल लावून चोळत होतो. रोज."

नानांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. पुढचा महिनाभर लोक माझ्याकडे वाकड्या शेपटाची कुत्री, तिरप्या शिंगाची बोकडं घेऊन येत राहिले. एका बाईनं तिच्या नवऱ्याची मान दाखवली. मी सगळ्यांना तेल सांगितलं. काहींना फरकही पडला, म्हणतात.

लग्न रीतसर झालं. मैनेला हळदीचं बोट, नव्या सुभेदाराला टिळा. नानींनी अक्षता टाकल्या, त्या नवरानवरीनं बसून खाल्ल्या. सागरला मुद्दाम बोलावलं होतं. तो सगळा वेळ खुर्चीवर उभा होता. नानांनी पुकारलं, "उंबराहून आंब्याकडे जाणाऱ्या पाव्हण्यांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

आणि पिल्लं झाली अकरा. लठ्ठ, गुलाबी, एकालाही शिंक नाही. होणारच होती. दुकानातला गडी कुठल्या कुळाचा होता देव जाणे, पण आमच्यातला नव्हता; परक्या रक्तानं त्याचं काम केलं होतं. हे मला जेवढं कळत होतं, तेवढं त्या तालुक्यात कुणालाच कळत नव्हतं. डोळे उघडायचे होते, दात यायचे होते. बोलायला मला कितीतरी दिवस मिळाले. रोज सकाळी मोटरसायकलला किक मारताना मी ठरवायचो, आज संध्याकाळी. संध्याकाळी नाना एकेक पिल्लू तळहातावर घेऊन त्याचं शेपूट सरळ करून मला दाखवत असायचे, आणि त्यांचा चेहरा बघून माझं राहून जायचं. नानांच्या आनंदासाठी गप्प बसलो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मला बोक्यामागे धावलेला माणूस व्हायचं नव्हतं, डॉक्टर राहायचं होतं.

निकालाच्या दिवशी सगळे आले. ओटीवर चटई, मध्ये टोपलीत पिल्लं. किकवीची आत्या, आंबवड्याचे आईबाप, सागर पाय वर घेऊन. ऋतुजा टोपलीपुढे उकिडवी बसली. एक पिल्लू उचललं, ओठ मागे करून दात बघितले. दुसरं. तिसरं. तिचा चेहरा उतरत गेला. मग मान वर करून तिनं मला विचारलं, "काका, खरं सांगा. निरोगी आहेत?"

"निरोगी आहेत."

"सगळी?"

"सगळी."

"तुमचं काही म्हणणं नाही ना?"

आता एवढं कुणी विचारतं का? मला वाटतं तिला माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं होतं. मी पिल्लांकडे बघत म्हणालो, "माझं काय म्हणणं असणार."

ती पिल्लू टोपलीत ठेवून, हात झाडून उठली आणि नानांना म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. पण ह्याला आधी उंदीर धरायला शिकवा." सागरनं डोळे मिटून हात पुढे केला. तिनं त्याच्या हातात पिल्लू ठेवलं. तो पांढरा पडला, पण सोडलं नाही. मला वाटतं ती त्याच्यावर थोडीफार तिथंच भाळली, आणि पुढं या एकाच गोष्टीवर मी माझी समजूत काढत राहिलो.

ऋतुजा-सागरचं लग्न आंबवड्याला झालं. मला पंच म्हणून मानाची टॉवेल-टोपी मिळाली. तो टॉवेल अजून घडीचाच आहे. अंग पुसायला घ्यावासा वाटत नाही, आणि टाकून द्यायला बायकोला काय कारण सांगू?

पुढं माझी बदली झाली. नाना त्यानंतर तीन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत भेटेल त्याला त्या अकरा पिल्लांची गोष्ट सांगत होते, म्हणे. दवाखान्यातल्या नर्सचंही देवक विचारून घेतलं होतं. दहाव्याला गेलो तेव्हा नानी उंदरांच्या खोलीत बसल्या होत्या. पिंजऱ्यांना ताजी पानं होती. उंदीर मागायला येणाऱ्या पोरांच्या मुलाखती आता त्या घेत होत्या, आणि नानांपेक्षा कडक. मला म्हणाल्या, "तुमी शेपूट सरळ केलं हुतं त्याचाच वंश हाय सगळा." मी मान हलवली. तिथंही तेवढंच जमलं.

ऋतुजा आता किकवीला स्वतःचं मेडिकल चालवते. संसार बरा आहे. सागरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एक पिंजरा आहे, असं ऐकतो.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. दिवस गेलेत. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवराबायकोचं आधीचं काही रक्ताचं नातं? हिनं सांगितलं. त्या म्हणाल्या, तसं घाबरण्यासारखं काही नाही, पण काही तपासण्या करून घ्या. आणि घरात आत्या, म्हणजे आता सासूबाई, म्हणतात कशाला हवाय तो ताप? नानांनी सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं की, अकराच्या अकरा धडधाकट. सागरचंही तेच मत.

"मलाही कधीकधी तसंच वाटतं, काका," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला विचारते. पंच तुम्ही होता."

मी म्हणालो, तपासणी करून घे.

"का? पिल्लं तर चांगली होती ना?"

मी फोन ठेवला. नंतर मेसेज केला, रेंज गेली. रेंज पूर्ण होती.

सुभेदार जगला असता तर त्याची पिल्लं कशी झाली असती, मला माहीत नाही. कदाचित बरीही झाली असती, आणि ऋतुजाच्या पोटातलं मूलही बहुतेक धडधाकटच निघेल. मी कुणाला भीती घालायला हे लिहीत नाही. पण ती ज्याच्यावर हो म्हणाली आणि आता ज्याच्या भरवशावर बसली आहे, ते आतेमामे नात्यातलं वेत नव्हतंच. त्या अकरा पिल्लांचा बाप मी पुण्याच्या दुकानातून डब्यात घालून आणला होता. हे सांगण्याचं देणं मी तिला लागतो, आणि ते तपासणीच्या तारखेआधी फेडायला हवं.